एका वेळी एकच बदल

मामा एकाच दिवशी नवा शर्ट आणि नवी चप्पल घालत नसत. शर्ट नवा असेल तर चप्पल जुनी, आणि चप्पल नवी असेल तर शर्ट कॉलर उसवलेला. मी एकदा कारण विचारलं.

"ताई, समजा आजचा दिवस वाईट गेला," ते म्हणाले. "मग शर्टामुळं गेला का चपलंमुळं, कसं कळायचं?"

"दिवस काय कपड्यांमुळे वाईट जातो का मामा?"

"ते तरी तुमाला कसं कळलं? तुमी तर रोज सगळंच बदलून येता."

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या एका शेडमध्ये आमची छोटी कंपनी होती. मोठ्या कारखान्यांतली म्हातारी यंत्रं पुन्हा कामाला लावून द्यायची, हा आमचा धंदा. त्यात मामा सगळ्यांत ज्येष्ठ. शिक्षण आयटीआयचं, वय साठीच्या अलीकडे, गाव चाकणच्या बाजूचं. घरचं बरं होतं, नोकरी करायची गरज नव्हती. मुलाने दारात मोठी गाडी उभी केली होती, पण मामा तिच्यात बसत नसत. ती गाडी आपलं सॉफ्टवेअर आपणच अद्ययावत करून घेते, हे त्यांना कळलं होतं. "मला न इचारता जी बदलती, ती गाडी माझी कशी?" असं म्हणून ते जुन्या मोपेडवर यायचे. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "मामा म्हना, पर मामा बनवू नका."

मी परभणीहून इंजिनिअरिंग करून आले होते. काळेवाडीत तिघींत मिळून एक खोली घेतली होती. पहिल्या दिवशी मालकांनी मला मामांच्या टेबलापाशी नेऊन सोडलं. मामांनी विचारलं, "आज तुमच्यात काय काय नवं हाय?"

मी सांगितलं, शहर नवं, खोली नवी, नोकरी नवी. बूटही नवे होते आणि चावत होते, तेही सांगितलं.

मामांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "मग आठवडाभर कशाला हात लावू नका. या शेडमदी तुमी सोताच एक बदल हाय. तुमच्यामुळं काय बिघडतंय का, ते आधी बघू."

आठवडाभर मी स्टुलावर बसून होते. शनिवारी मामांनी शेडमध्ये जाहीर केलं, की मुलगी आल्यापासून काही बिघडलेलं नाही. मग मला पहिला स्क्रू ड्रायव्हर मिळाला.

एका वेळी एकच बदल, हा खरं तर आमच्या धंद्यातला शहाणा नियम आहे. यंत्र चालत नसेल तर एक गोष्ट बदला, बघा, मगच दुसरी बदला. मामांनी तो नियम कामावर ठेवून घरी जायचं नाकारलं, एवढंच. दुपारी ते डब्यातली भाजी आधी संपवत, मग कोरडी भाकरी, मग शेवटी ठेचा नुसता, बोटाने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पोट बिघडलंच तर कशाने ते कळावं म्हणून. चिंचवडच्या एका डॉक्टरांनी त्यांना रक्तदाबाच्या तीन गोळ्या लिहून दिल्या, तर मामांनी पहिला महिनाभर एकच घेतली. डॉक्टर चिडले. म्हणाले, "सांगतो तशी घ्यायची नसतील तर दुसरा डॉक्टर बघा."

"या म्हैन्यात गोळी बदललीये," मामा म्हणाले. "डॉक्टर पुढच्या म्हैन्यात बदलता यील."

एकदा रविवारी त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. मामी वाढता वाढता सांगत होत्या, "सून आली तवा सा म्हैने घरात नवा झाडूसुदिक आणू दिला न्हाई या माणसानं. मी मिक्सर मागितला तर पाटा दावला." मला त्या सुनेची दया आली. ती बँकेत नोकरीला होती. ती हसत म्हणाली, "अहो, पण सहा महिन्यांनी बाबांनी सगळ्या भावकीसमोर उभं राहून सांगितलं, ही आल्यापासून घरात काही बिघडलेलं नाही, आमी तपासलंय. असं प्रमाणपत्र कुठल्या सुनेला मिळतं?"

मामांचा खरा हातखंडा होता जुन्या नेटवर्क कार्डांचा. यंत्राला वायर जोडून त्याची माहिती बाहेर पाठवणारं हे कार्ड. आजकालची कार्डं यंत्राशी आपसांत सगळं ठरवून घेतात. जुन्या कार्डाला मात्र माणसाने दोन गोष्टी सांगाव्या लागतात. एक, तुझा पत्ता कुठला. दोन, तुला काही सांगायचं असेल तर कितव्या नंबरने हाक मारायची. कार्डावर डाळीएवढ्या काळ्या टोप्या असतात, त्या हलवून हे ठरवायचं. मग तेच दोन आकडे यंत्राच्या आत, ड्रायव्हरच्या फाइलीत लिहायचे. ड्रायव्हर म्हणजे कार्डाचं बोलणं यंत्राला समजावणारा छोटासा प्रोग्राम. आकडे जुळले नाहीत, किंवा त्याच नंबराने आणखी कोणी हाक मारत असलं, तर यंत्र रागावत नाही, चूक दाखवत नाही, नुसतं गप्प बसतं.

"माणसासारखंच हाय," मामा म्हणायचे. "एकाच येळी दोघांनी हाक मारली की ऐकणारा कुणालाच ओ देत न्हाई."

चाकणच्या एका कारखान्यात इंजिनाच्या दांड्यांचा तोल तपासणारं एक परदेशी यंत्र होतं. तीसेक वर्षांचं असेल. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती आणि सोबतचं पुस्तक कोणाला वाचता येत नव्हतं. यंत्राच्या पोटात एका चिपवर बसवलेली इवलीशी ऑपरेटिंग सिस्टीम होती. तिला माउस नाही, चित्रं नाहीत, फक्त हिरवी अक्षरं. मोजमाप झालं की शेजारचा प्रिंटर कर्र कर्र करत चिठ्ठी काढायचा. पण आता कारखान्याच्या मोठ्या गिऱ्हाइकाला चिठ्ठ्या नको होत्या. प्रत्येक यंत्राचा आकडा थेट नेटवर्कवर दिसला पाहिजे, असा त्यांचा हुकूम होता, आणि ते बघायला त्यांचा ऑडिटर येणार होता. आकडा दिसला नाही तर यंत्र भंगारात. यंत्र गेलं की ते चालवणारा ऑपरेटरही जाणार, कारण त्याला तेवढं एकच यंत्र येत होतं आणि तो ठेक्यावरचा माणूस होता. आमच्या मालकांनी मलाही बजावलं होतं, की हे काम फसलं तर त्या कारखान्याचं दार आपल्याला बंद. मी अजून नोकरीत पक्की झाले नव्हते. बंद दाराच्या कोणत्या बाजूला मी असेन, ते मला कळत होतं.

ऑडिटच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही दोघं तिथे पोचलो. मामांनी कार्ड बसवलं. पत्ता तीनशे, हाक पाच नंबरची. यंत्र चालू केलं. ते चालू व्हायला नऊ मिनिटं घ्यायचं, कारण आधी स्वतःभोवती फिरून स्वतःची तपासणी करायचं. नऊ मिनिटांनी हिरवी अक्षरं आली आणि नेटवर्क गप्प. मामांनी वायर बदलली. नऊ मिनिटं. गप्प. वायर पुन्हा जुनी लावून नेटवर्कच्या पेटीचं दुसरं भोक वापरलं. नऊ मिनिटं. एक वाजेपर्यंत असंच चाललं होतं. पत्त्याला आणि नंबराला अजून हात लागला नव्हता. कारखान्याचे प्लांट हेड दर अर्ध्या तासाने येऊन घड्याळ दाखवत होते. "अरे मामा, सब एकदम बदल डालो ना यार! उद्या ऑडिट आहे."

"करू की साहेब," मामा शांतपणे म्हणायचे आणि एकच गोष्ट बदलायचे.

एक वाजता मामा जेवायला गेले. भाजी, मग भाकरी, मग ठेचा म्हणजे अर्धा तास नक्की. मी यंत्रापाशी एकटीच राहिले. शेडमध्ये उकडत होतं, माझा घाम थांबत नव्हता. मला वाटलं, हा माणूस मला बुडवणार. मी यंत्र बंद केलं, कार्ड काढलं, टोप्या हलवल्या. पत्ता तीनशेचा तीनशे वीस केला आणि हाक पाचाची सात. फाइलीत तेच लिहिलं. दोन्ही एकदम.

"मॅडम, लईच घाम आलाय तुम्हाला," ऑपरेटर म्हणाला. जालन्याकडचा, चाळिशीचा, अबोल माणूस. त्याने कुठून तरी टेबलपंखा आणून माझ्याकडे तोंड करून लावला. गार वाऱ्यात मी नऊ मिनिटं डोळे मिटून बसले. डोळे उघडले तेव्हा लॅपटॉपवर आकडे पडत होते.

मी ओरडलेच. सुपरवायझर धावत आला, प्लांट हेड आले, कोणी टाळ्या वाजवल्या. मामा तोंड पुसत आले. त्यांनी आकडे बघितले, आणि मग माझ्याकडे.

"काय बदललं ताई?"

"पत्ता आणि नंबर."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"मंग कशानं चाललं?"

प्लांट हेड म्हणाले, "कशानेही चालू दे मामा, चाललंय ना?" तोवर मामांनी यंत्र बंद करून कार्ड बाहेर काढलं होतं.

मी त्यांचा हात धरायला हवा होता. पण मामांनी दोन्ही टोप्या जुन्या जागी नेल्या, फाइलीत जुने आकडे लिहिले आणि यंत्र चालू केलं. गप्प. "बरं," मामा म्हणाले. "आता ताईंचं दोन्ही परत लावू, म्हंजी खात्री हुईल. मग एकेक काढू." टोप्या पुन्हा तीनशे वीस आणि सातवर गेल्या. फाइलीतही तेच. नऊ मिनिटं.

गप्प.

प्लांट हेड काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. मी रडायच्या बेतात होते. मामांच्या तोंडावर मात्र पहिल्यांदा उत्साह दिसला.

"दोन न्हाई, तीन गोष्टी बदलल्या व्हत्या," ते म्हणाले. "तिसरी कुणी केली?"

मग मामांनी कोरा कागद घेतला आणि चौकशी सुरू केली. एक ते दीड या वेळात ज्याने जे केलं ते सांगायचं. सुपरवायझरने मोजे बदलले होते. क्वालिटीच्या माणसाने खिडकी उघडली होती. एकाने फोर्कलिफ्ट हलवली होती. प्लांट हेड म्हणाले, "मी काही नाही केलं. बायकोला फोन केला."

"कुठं उभं राहून?"

"इथेच. ह्या यंत्रापाशी."

"मंग परत लावा."

"मामा, डोकं फिरलंय का?"

"काय बोलू नका. फोन तेवढा लावा."

आणि साहेबांनी लावला. ऑडिट उद्या होतं, माणूस काहीही करतो. यंत्र नऊ मिनिटं फिरत राहिलं आणि साहेब फोन कानाला लावून शेजारी उभे. पलीकडून बाईसाहेबांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता, "आत्ताच तर केला होता! काय झालंय? खरं सांगा, काय झालंय?" नऊ मिनिटांनी नेटवर्क गप्प आणि साहेबांच्या घरी वादळ. मामांनी कागदावर फोनच्या नावापुढे फुली मारली. मग सुपरवायझरने जुने मोजे परत घातले. नऊ मिनिटं. मग खिडकी लावून उघडली. नऊ मिनिटं. फोर्कलिफ्ट होती तिथे नेऊन पुन्हा आणली. फुल्या वाढत गेल्या, चार वाजले.

मी कपाळ ओढणीने पुसलं. मामा माझ्याकडे बघत राहिले.

"ताई," ते हळू म्हणाले, "मगाशी तुमी घाम पुसत नव्हता."

मला पंखा आठवला. पंखा भिंतीपाशी बंद उभा होता. यंत्राजवळ विजेचं एकच सॉकेट होतं, आणि त्यात आता प्रिंटरची पिन होती. माझ्या डोक्यात सगळं जागेवर बसलं. प्रिंटरची हाकही सात नंबरची. पंख्यासाठी प्रिंटरची पिन निघाली, प्रिंटर गप्प झाला, म्हणून यंत्राला कार्ड ऐकू आलं. जल्लोष झाल्यावर पंखा निघाला, प्रिंटरची पिन पुन्हा लागली आणि दोघं एकदम ओरडायला लागले.

मी ऑपरेटरकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. प्रिंटरच्या डोक्यावर लाल अक्षरांत पाटी होती, की शिफ्ट चालू असताना पिन काढणाऱ्यावर कारवाई होईल. गेल्याच महिन्यात ठेक्यावरच्या एकाला याहून लहान गोष्टीसाठी घरी पाठवलं होतं. पिन माझ्यासाठी काढली गेली होती. मी बोलायला तोंड उघडलं, पण मामा आधी बोलले.

"साहेब, सापडलं. प्रिंटरची पिन निघाली व्हती. मीच काढली जेवायला जाताना. इसरलो."

"तुम्ही? कशाला?"

"पंखा लावला ताईंना. गरम व्हत व्हतं."

प्लांट हेडना आता कोणावर तरी ओरडायचंच होतं. दुपारभर बायकोचे अकरा फोन येऊन गेले होते. त्यांनी मामांचा गेट पास काढून घेतला, महिनाभर आत यायचं नाही म्हणून सांगितलं, आणि ते सगळं लेखी मागितलं. मामांनी त्याच कागदाच्या मागे लिहून दिलं, की पिन मी काढली. खाली सही केली. मग मला म्हणाले, "मी चहाच्या टपरीवर हाय. फोन लावा." आणि सिक्युरिटीच्या माणसाबरोबर चालत बाहेर गेले.

उरलेलं काम मी आणि ऑपरेटरने केलं. फोन स्पीकरवर होता, मागून चहाच्या गाळणीची ठकठक ऐकू येत होती. मामा म्हणाले, "पत्त्याला हात लावू नका. सात काढा, दहा घाला. प्रिंटर चालू राहू द्या." मी टोपी दहावर नेली, फाइलीत दहा लिहिलं. ऑपरेटर माझ्या मागे उभा होता. नऊ मिनिटांनी प्रिंटर कर्र कर्र करत होता आणि लॅपटॉपवर आकडे पडत होते. दोन्ही एकदम.

"चाललं मामा!"

"आता पत्ता परत तीनशे करा."

चालू यंत्र होतं, पाच वाजून गेले होते.

"ताई, करायचं का न्हाई ते तुमी ठरवा," मामा म्हणाले. "मी तर भायेर हाय."

मी यंत्र बंद केलं. पत्ता तीनशे केला. ती नऊ मिनिटं सगळ्यांत लांब होती. आकडे आले. म्हणजे पत्ता पहिल्यापासून बरोबर होता. अडचण होती ती नुसत्या नंबराची, पाचाने यंत्रातलंच दुसरं काही हाक मारत असणार आणि साताने प्रिंटर, आणि मी घाबरून नको त्याला हात घातला होता. मामांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "बरं झालं कळलं."

दुसऱ्या दिवशी ऑडिटर आला, यंत्रापाशी अर्धं मिनिट थांबला आणि आग विझवायच्या नळकांड्याची तारीख बघून पुढे गेला. यंत्र राहिलं, ऑपरेटर राहिला. मालकांनी मला पक्कं केलं. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी मी सामान आवरून बाहेर आले तेव्हा ऑपरेटर गेटपर्यंत माझ्याबरोबर आला. मामा गेटसमोर टपरीच्या स्टुलावर बसले होते. ऑपरेटर त्यांच्यासमोर उभा राहिला. शेवटी तो म्हणाला, "मामा, मला दोन पोरी आहेत."

"म्हाईत न्हाई मला, पर बरं झालं," मामा म्हणाले. "जा, शिफ्ट सुटायचीये तुमची."

तो गेला. मी म्हटलं, "मामा, तुम्ही खोटं लिहून दिलंत. चूक माझी होती. महिनाभर तुम्हाला गेटाबाहेर..."

"काय गेटाभायेर! ताई, ह्यो गेट हाय ना, हितं आमचा कांदा असायचा. आतल्या पेंटशॉपपतूर. वडिलांच्या टायमाला जमीन गेली." त्यांनी कपातला शेवटचा घोट घेतला. "मला भायेर काढलं तर मी जातो कुठं? सगळीकडं आपलंच हाय."

इतकी वर्षं ते चाकणला कामाला येत होते आणि आमच्या शेडमध्ये कोणालाही हे माहीत नव्हतं.

तेवढ्यात सिक्युरिटीवाला काठी आपटत आला. "ओ काका, गेटसमोर बसू नका. साहेबांची गाडी निघतीये."

मामा लगेच उठले. स्टूल उचलून दहा-पंधरा पावलं बाजूला गेले, सिमेंट केलेल्या जागेवर. "हितं चालंल का?"

"तिथं चालंल."

मामांनी स्टूल टेकवलं, पायाने जमीन दोनदा दाबून बघितली, आणि टपरीवरून दुसरं स्टूल माझ्यासाठी ओढलं.

"हितं आमची इहीर व्हती," ते म्हणाले. "बुजवलीये नीट. बसा."